नवीन काम जोडलं तरी जुनं बिघडत नाही, हे आधी सांगा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे समजण्यात चूक असेल तर इथेच लक्षात येईल. तुम्ही चौघांनी नाशिकच्या अंबडमधल्या गाळ्यात एक कंट्रोलर बोर्ड तयार केलाय. त्यावरचा प्रोसेसर तुमचा स्वतःचा, सध्या एफपीजीएमध्ये (आतलं सर्किट हवं तसं बदलता येणाऱ्या चिपमध्ये) बसवलेला. आठ छोटे ३२-बिट कोर (स्वतंत्र चालणारे प्रोसेसर), प्रत्येकाची स्वतःची ४ केबी मेमरी, शिवाय सगळ्यांत मिळून एक सामायिक मेमरी जी पाळीपाळीने प्रत्येक कोरला मिळते, आणि इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून तातडीचं दुसरं काम घ्यायला लावणारे इशारे, अजिबात नाहीत. क्लॉक १०० मेगाहर्ट्झ. प्रदर्शनात स्टॉल लावला, दिवसभर बोलून घसा बसला, आणि लोक फिरून फिरून तीनच गोष्टी बोलले. "आठ कोर तर माझ्या मोबाइलमध्येही आहेत, आणि ते दोन गिगाहर्ट्झवर चालतात." "एफपीजीए आहेच तर सगळं त्यातच का करत नाही?" आणि "म्हणजे हा स्वस्तातला पीएलसीच ना?" (पीएलसी म्हणजे कारखान्यात मशीन चालवणारा तयार कंट्रोलर.) तुमच्या पत्रकाची पहिली ओळ आहे: 'क्रांतिकारी समांतर आर्किटेक्चर, आठ कोर, ८०० मिप्स.' (एक मिप्स म्हणजे सेकंदाला दहा लाख सूचना.) आता याला म्हणायचं काय आणि कशाच्या शेजारी ठेवून दाखवायचं, हे तुम्ही विचारताय.

मी बावीस वर्षं सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात मशीनवाल्यांसाठी कंट्रोलर बनवतो. नेहमीच्या मायक्रोकंट्रोलरवर बरंच काम केलंय, तुमच्यासारख्या वेगळ्या घडणीच्या चिपवरही केलंय. त्यामुळे जे सांगतो ते पुस्तकातलं कमी आणि टेबलावरचं जास्त आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, त्या लोकांचं काही चुकलेलं नाही. अनोळखी वस्तू समोर आली की माणूस ती पहिल्या अर्ध्या मिनिटात डोक्यातल्या कुठल्या तरी ओळखीच्या खणात टाकतो. कुठला खण ते तुम्ही सांगितलं नाही तर तो स्वतःच निवडतो. 'आठ कोर' म्हटलंत, त्याने मोबाइलचा खण उघडला. '८०० मिप्स' म्हटलंत, त्याने वेग मोजायला घेतला, आणि त्या मोजमापात तुम्ही हरणारच. तिन्ही तुलना तुमच्या पत्रकानेच ओढवून आणल्यात. तेव्हा खरा प्रश्न 'आर्किटेक्चर समजावायचं कसं' हा नाहीच. ऐकणाऱ्याची कुठली अडचण या घडणीमुळे कायमची जाते, आणि ती एका वाक्यात कशी सांगायची, हा खरा प्रश्न आहे.

ती अडचण कोणती हे मला एका वाइंडिंग मशीनने शिकवलं. ते सविस्तर सांगतो, कारण तुमचं पत्रक कुठून सुरू व्हायला हवं ते त्यातच आहे.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी मी ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळणाऱ्या मशीनसाठी कंट्रोलर केला होता. साधा ८-बिट कंट्रोलर, १६ मेगाहर्ट्झ. स्पिंडलवर ५०० पल्सचा एन्कोडर, म्हणजे फिरणं मोजायला पल्स देणारा सेन्सर. त्याच्या दोन सिग्नलांच्या चारही कडा (सिग्नल बदलण्याचे क्षण) मोजल्या की एका फेऱ्याला २००० मोजण्या. स्पिंडल १२०० आरपीएमवर म्हणजे सेकंदाला २० फेरे, म्हणजे सेकंदाला ४०,००० मोजण्या, म्हणजे दर २५ मायक्रोसेकंदांना एक. इंटरप्टवर व्यवस्थित बसत होतं. पाच-सहा महिने मशीन बिनतक्रार चाललं. मग कारखान्याने ऑफिसात उत्पादनाचे आकडे दिसावेत म्हणून मॉडबसची (मशीन आणि संगणक यांच्यात आकडे पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीची) वायर जोडली. मॉडबसची सोय मी पहिल्यापासून दिलेली होती, वापरली कोणी नव्हती. ऑफिसचा पीसी सेकंदाला दहा वेळा आकडे मागायला लागला, आणि पंधरवड्यात फोन आला: दोन हजार टर्नच्या (वेढ्यांच्या) कॉइलमध्ये टर्न टेस्टरवर एक टर्न जास्त येतोय.

दोन दिवस मी एन्कोडरची शील्ड, अर्थिंग, कपलिंगचा स्क्रू, सगळं तपासलं. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. मॉडबसची फ्रेम (एक निरोप) पूर्ण आली की तिचा सीआरसी (निरोप नीट आलाय का ते तपासणारा आकडा) मी इंटरप्टच्या आतच काढत होतो. आठ बाइटची फ्रेम, एकेक बिट सरकवत सीआरसी, १६ मेगाहर्ट्झवर त्याला साधारण ५० मायक्रोसेकंद लागत होते. तेवढ्या वेळात एन्कोडरची एक कड येऊन दुसरीही येऊन जायची, आणि दर फ्रेममागे दोन मोजण्या गळायच्या. सेकंदाला दहा फ्रेम, म्हणजे वीस मोजण्या. दोन हजार टर्नना शंभर सेकंद लागतात, म्हणजे दोन हजार मोजण्या गळाल्या, म्हणजे बरोबर एक टर्न. कंट्रोलरच्या हिशेबाने दोन हजार झाले, बॉबिनवर दोन हजार एक.

सीआरसी इंटरप्टच्या बाहेर काढला, दोष गेला. पण कारखान्याचे मालक मला म्हणाले ते मी विसरलेलो नाही. "साहेब, आत काय बदललंत ते मला कळणार नाही. मला एवढंच सांगा, उद्या यात टेम्परेचर कंट्रोलर जोडला तर टर्न पुन्हा चुकणार का?" आणि मला 'नाही' असं छातीठोकपणे म्हणता येईना. 'चुकणार नाही, पण मला पुन्हा सगळं तपासावं लागेल' हे खरं उत्तर होतं. एका प्रोसेसरवर इंटरप्टने चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नवीन काम जुन्या प्रत्येक कामाच्या वेळेला हात लावू शकतं. तुम्ही कितीही नीट लिहा, हिशेब दर वेळी नव्याने करावा लागतो.

तुमच्या बोर्डावर तो हिशेब करावा लागत नाही. एन्कोडर मोजणारा कोर फक्त एन्कोडर मोजतो. मॉडबसच्या कोरने हवा तितका वेळ सीआरसी काढावा, मोजणाऱ्या कोरला त्याचा पत्ताही लागत नाही. नवीन काम जोडलं तरी जुनं बिघडत नाही. तुमच्या पत्रकाची पहिली ओळ हीच. आठ, ३२, १००, ८०० हे सगळे आकडे याच्या खाली, कारण म्हणून.

आता 'कसं काय?' असं कोणी विचारलं तर. इंजिनिअरला आकृती काढून दाखवता येते, पण मशीनचा मालक, खरेदी पाहणारा माणूस, कॉलेजचे सर यांच्यासाठी मी पाटाच्या पाण्याचं उदाहरण देतो, आणि नाशिकमध्ये ते समजवावं लागत नाही. बागलाणकडे फड पद्धतीत पाटकरी पाळी लावून देतो तसं. प्रत्येक शेतकऱ्याची स्वतःची विहीर आहे, ती म्हणजे कोरची स्वतःची मेमरी. तिच्यातून तो कधीही, कितीही पाणी उपसू शकतो, कोणाला विचारायचं कारण नाही. शिवाय पाट आहे, ती सामायिक मेमरी. पाटाचं पाणी पाळीनेच मिळतं.

या उदाहरणात एक बारकावा आहे, तो आवर्जून सांगा. शेजाऱ्याने त्याची पाळी वापरली नाही तरी ती तुम्हाला मिळत नाही. ऐकताना हा तोटा वाटतो. पाणी वायाच गेलं की! पण म्हणूनच तुमची वेळ कधीच मागेपुढे होत नाही. शेजारी तहानलेला असो की झोपलेला, तुमचं पाणी ठरल्या वेळेला येतं. तुमच्या बोर्डावर आठ कोर, १०० मेगाहर्ट्झ, एका कोरला एक टिक (क्लॉकचा एक ठोका) असं असेल तर पाळी दर ८० नॅनोसेकंदांनी येते. जास्तीत जास्त थांबणं तेवढंच, कमी-जास्त गर्दीने ते वाढत नाही. तुमच्या घडणीतली ही थोडी नासाडी मुद्दाम केलेली आहे आणि तिच्या बदल्यात खात्री मिळते, हे तुम्ही स्वतःहून बोललात तर समोरचा जाणकार माणूस तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहील. कारण तो तोटा त्याने आधीच हेरलेला असतो.

असल्या वेगळ्या प्रोसेसरांचा इतिहास तुम्हाला माहीत असेल, तरी तुमच्या प्रश्नाच्या अंगाने तो एकदा बघण्यासारखा आहे, कारण चांगली घडण असूनही मांडणीत काय काय होऊ शकतं ते त्यात दिसतं.

ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर हा प्रोसेसर १९८० च्या दशकातला. १९८५ चा टी४१४, १९८७ चा टी८००. टी८०० मध्ये चिपवरच ४ केबी मेमरी होती, तुमच्या एका कोरइतकी, आणि दुसऱ्या ट्रान्सप्युटरला जोडायला चार लिंक. ट्रान्झिस्टरने जसे सर्किट बांधतात तसे याने संगणक बांधा, अशी कल्पना नावातच होती. आपल्याकडे त्याचा थेट संबंध आहे: पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली जो परम ८००० महासंगणक उभा केला, तो याच ट्रान्सप्युटरांवर. म्हणजे घडण उत्तमच होती. पण तिच्याबरोबर ऑकॅम नावाची नवी भाषा शिकणं आलं, आणि सुरुवातीला कंपनीचा आग्रहही तिच्यावरच होता. सी नंतर आलं. पुढचा टी९००० रेंगाळला, तोवर साधे प्रोसेसर इतके वेगवान झाले की लोकांना समांतर विचार करण्याचे कष्ट नकोसे झाले. यातून मी घेतलेला धडा असा: तुमची चिप शिकायला लागणारे कष्ट ही तुमची खरी किंमत आहे, बोर्डावरचा रुपयांचा आकडा त्यामानाने लहान असतो.

पॅरलॅक्सचा प्रोपेलर २००६ चा, आणि तुमच्या बोर्डाचा हा अगदी जवळचा नातेवाईक. आठ कोर, त्यांना ते 'कॉग' म्हणतात. प्रत्येकाची २ केबी मेमरी, मधोमध ३२ केबीचा सामायिक 'हब', तो दर १६ टिकांनी प्रत्येक कॉगसमोर येतो. ८० मेगाहर्ट्झवर दर २०० नॅनोसेकंदांनी. इंटरप्ट नाहीत. मी यावर वाइंडिंग मशीनची पुढची आवृत्ती केली आणि ती चिप मला मनापासून आवडली. पण नवीन मुलाला शिकवताना मात्र अडचण यायची: कॉग, हब, त्याची स्वतःची भाषा स्पिन, ही सगळी नावं एकदम अंगावर येतात. हुशार मुलगा दोन आठवड्यांत रुळतो. घाईत असलेला डिझाइन इंजिनिअर दुसऱ्या पानावरच मिटवून ठेवतो. म्हणून तुमच्या पत्रकात नवीन शब्द एकच ठेवा. कोरला कोरच म्हणा, मेमरीला मेमरी. तुमच्या मसुद्यात मी मोजले, सहा नवे शब्द पहिल्या पानावर आहेत.

ग्रीनअ‍ॅरेजचा जीए१४४ हा त्याहून टोकाचा. एका चिपवर १४४ कोर, प्रत्येकी ६४ शब्दांची रॅम, शब्द १८ बिटांचा, आणि क्लॉकच नाही. फोर्थ भाषेचे जनक चक मूर यांचं डिझाइन. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण १४४ हा आकडा ऐकल्यावर माणसाला पुढे काय करायचं तेच सुचत नाही. आकडा जितका चमत्कारिक, तितकं 'माझ्या कुठल्या कामाला?' हे उत्तर लांब जातं.

आता ज्यांची मांडणी जमली त्यांच्याकडे बघा. ट्रान्सप्युटरचे शिल्पकार डेव्हिड मे यांनीच २००५ मध्ये इतरांबरोबर एक्समॉस काढली. सुरुवातीला ते आपल्या चिपला 'सॉफ्टवेअर डिफाइन्ड सिलिकॉन' म्हणत. म्हणजे सगळ्यासाठी काहीही. पुढे त्यांची चिप जगभरच्या यूएसबी ऑडिओ उपकरणांत बसली, कारण आवाजाच्या कामात नमुन्याची वेळ जराशी हलली तरी कानाला कळते आणि त्यांची घडण नेमकी तिथे कामी येते. सगळ्यांसाठीची चिप एका धंद्यात घुसली आणि तिथे ओळखीची झाली.

दुसरं उदाहरण तुमच्या मुलांच्या हातातच असेल. जानेवारी २०२१ मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको, त्यावरची आरपी२०४० चिप. तिच्यात आठ छोटी स्टेट मशीन (फक्त पिन हाताळणारे अगदी छोटे प्रोसेसर) आहेत, चार-चारच्या दोन गटांत, प्रत्येक गटाला फक्त ३२ सूचनांची जागा. तुमच्या कोरपेक्षा कितीतरी दुबळी आणि तितकीच विचित्र. तरी हजारो लोकांनी ती शिकून घेतली. का? कारण शेजारी दोन साधे कॉर्टेक्स-एम०+ कोर आहेत, सी चालतं, मायक्रोपायथन चालतं, आणि विचित्र भागाला हात न लावताही पहिल्या दिवशी एलईडी लुकलुकतो. ओळखीचं मोठं, अनोळखी लहान, आणि अनोळखी तेव्हाच ज्या दिवशी गरज पडेल. टीआय (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीच्या चिपवर चालणाऱ्या बीगलबोन ब्लॅक या बोर्डावरचे दोन पीआरयू तसेच: बाकी सगळं लिनक्स, आणि कोपऱ्यात २०० मेगाहर्ट्झचे दोन छोटे कोर, एका सूचनेला ५ नॅनोसेकंद, वेळेच्या कामासाठी राखून ठेवलेले.

म्हणून तुम्हाला एक ठोस सुचवणी. एका कोरवर नेहमीचं सी, नेहमीचा मुख्य प्रोग्रॅम चालू द्या, आणि बाकी सात कोरांसाठी तयार ड्रायव्हर (एकेक जोडणी हाताळणारे प्रोग्रॅम) द्या: एन्कोडर, यूएआरटी (सिरीयल जोडणी), पीडब्ल्यूएम (पल्सच्या रुंदीने नियंत्रण), स्टेपर मोटर, लोडसेलचा (वजनाच्या सेन्सरचा) एडीसी. ग्राहकाने फंक्शन बोलवायचं, कोर आपोआप लागतो. मग तुम्ही याला 'समांतर प्रोसेसर' म्हणायची गरजच उरत नाही. 'ज्याचे पेरिफेरल सॉफ्टवेअरने ठरवता येतात असा मायक्रोकंट्रोलर' एवढं पुरतं. (पेरिफेरल म्हणजे प्रोसेसरभोवतीचे टायमर, सिरीयल पोर्ट असे भाग.) खण ओळखीचा, त्यातली वस्तू वेगळी.

तिन्ही टोमण्यांची उत्तरंही यातूनच निघतात. मोबाइलमधले आठ कोर एकमेकांची कामं वाटून घेतात, कुठलं काम कधी कुठल्या कोरवर जाईल ते ऑपरेटिंग सिस्टम ठरवते, मध्ये कॅश (जलद तात्पुरती मेमरी) असते, त्यामुळे सरासरी वेग प्रचंड आणि एखाद्या कामाला नेमका किती वेळ लागेल याची हमी नाही. तुमच्याकडे सरासरी कमी, हमी पक्की. म्हणून 'मल्टिकोर' हा शब्द मी पत्रकातून काढूनच टाकीन, तो चुकीच्या अपेक्षा घेऊन येतो. एफपीजीएच्या प्रश्नाला: नवीन सेन्सर आला तर व्हेरिलॉग (सर्किटचं वर्णन करायची भाषा) लिहिणारा माणूस शोधायचा, की सी जाणणाऱ्या मुलाकडून संध्याकाळपर्यंत करून घ्यायचं? पण इथे प्रामाणिक राहा. दहा-वीस नॅनोसेकंदांत उत्तर लागत असेल तर एफपीजीएच हवा, तुमचा कोर तिथे पुरणार नाही. आणि पीएलसीवाल्याला सांगा की शिडी-लॉजिक (पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची पद्धत) आणि नियंत्रण पॅनेलचं काम पीएलसीनेच करावं, तुमचा बोर्ड मशीन बनवणाऱ्यासाठी आहे, जो शंभर मशीनमध्ये शंभर बोर्ड टाकतो.

एक चौथा प्रश्न तुम्हाला अजून कोणी विचारलेला नाही, पण विचारतील, आणि तो सगळ्यांत अवघड आहे: "हे तर हल्ली टायमरच करतो की." खरं आहे. माझ्या वाइंडिंग मशीनचं काम आज साध्या ३२-बिट कंट्रोलरच्या टायमरमधला एन्कोडर मोड प्रोसेसरला त्रास न देता करतो. कॉर्टेक्स-एम३ चा इंटरप्ट १२ सायकलमध्ये सुरू होतो, आणि प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारं डीएमए आहे. तेव्हा एकच एन्कोडर आणि एकच मॉडबस असं काम असेल तर तुमच्या बोर्डाची गरज नाही, आणि तसं ग्राहकाला तोंडावर सांगा. तुमची जागा तिथे, जिथे तयार पेरिफेरल संपतात किंवा बसत नाहीत. सहा एन्कोडर. कुठल्या जुन्या आयात मशीनचा विचित्र सिरीयल प्रोटोकॉल. पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये एका पट्ट्यावर चार लोडसेल, फोटोसेल, आणि नेमक्या वेळी उडणारे आठ सोलेनॉइड, अशी एक ओळ मी पाहिली आहे. तिथे एका कंट्रोलरवर सगळं बसवताना इंजिनिअरचे केस पांढरे होतात. तुमचा ग्राहक तिथे आहे.

आकड्यांबद्दल. '८०० मिप्स' काढा. आठ कोर प्रत्येकी १०० असं लिहा, कारण खरं तेच आहे. एकच लांब हिशेब असेल तर तो एका कोरवर १०० मिप्सनेच चालणार, बाकी सात बघत बसणार. ज्याला अ‍ॅमडालचा १९६७ चा नियम (कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच एकूण वेग अडवतो) ठाऊक आहे, तो तुमची बेरीज वाचून पत्रक बाजूला ठेवील. त्याऐवजी तीन आकडे द्या: पिनवर कड आल्यापासून उत्तराची कड बाहेर पडेपर्यंत जास्तीत जास्त वेळ, त्यातला कमी-जास्त फरक, आणि बाकी सातही कोर पूर्ण कामात असताना हेच दोन आकडे. सरासरी देऊ नका. मशीन सरासरीने बिघडत नाही, सगळ्यांत वाईट क्षणी बिघडतं. आणि हे आकडे कुठल्या प्रोग्रॅमने, कुठल्या क्लॉकवर मोजले ते खाली लिहा.

हेच तुमचं प्रात्यक्षिकही. स्टॉलवर एलसीडीवर फिरणारं चित्र ठेवू नका. ऑसिलोस्कोप ठेवा. फंक्शन जनरेटरची कड आत, बोर्डाच्या उत्तराची कड बाहेर, आत येणाऱ्या कडेवर ट्रिगर, आणि पर्सिस्टन्स (जुन्या रेषा पडद्यावर टिकवणारी सोय) अनंतावर. साध्या बोर्डावर इंटरप्टचा भार वाढला की ती उत्तराची कड पसरून पट्टा होतो, हळद पुसल्यासारखा. तुमच्यावर ती रेषाच राहते. शेजारी एक मोठं बटण ठेवा, दाबलं की बाकी सात कोर पूर्ण भाराने चालू होतात, आणि ते बटण येणाऱ्या माणसाला दाबू द्या. त्याने दाबल्यावर रेषा हलत नाही हे त्याच्या डोळ्यांनी दिसतं. मी हे एकदा कारखान्याच्या केबिनमध्ये करून दाखवलं होतं. त्या इंजिनिअरने बटण पाच-सहा वेळा दाबलं, मग प्रोब स्वतः हातात घेऊन पिन बदलून पाहिली, आणि त्यानंतर बोलणं थेट डिलिव्हरीवर आलं. फक्त तुलनेचा साधा बोर्ड मुद्दाम कच्च्या प्रोग्रॅमवर चालवू नका. त्याला सर्वोच्च प्राधान्याचा इंटरप्ट द्या, डीएमए द्या, जितकं चांगलं जमेल तितकं करा आणि मग फरक दाखवा. या धंद्यात जाणकार फार थोडे आहेत आणि ते एकमेकांशी बोलतात.

'इंटरप्ट नाहीत' हे मथळ्यात नको. तुम्हाला तो अभिमानाचा मुद्दा आहे, पण ऐकणाऱ्याला काहीतरी कमी असल्याचं ऐकू येतं. 'कोर पिनवर कड येईपर्यंत झोपून राहतो आणि आली की पुढच्याच सूचनेला उठतो' असं सांगा, तुमच्याकडे तशी थांबण्याची सूचना आहे असं तुम्ही लिहिलंय. तेच खरं वैशिष्ट्य आहे.

आणि काय जमत नाही, ते पत्रकाच्या शेवटच्या पानावर ठळक छापा. ४ केबीत एन्कोडर, यूएआरटी, स्टेपरचा रॅम्प बसतो. ग्राफिक डिस्प्ले, टीसीपी-आयपी (इंटरनेटची जोडणी) बसत नाही, त्यासाठी शेजारी दुसरी चिप लागेल. नववं काम आलं तर? हे विचारणारा माणूस भेटणारच. उत्तर असं की कीपॅड, रिले, तापमान अशी सावकाश कामं एका कोरवर आलटून पालटून चालतात, आणि फक्त वेळेची कामं स्वतंत्र कोरवर. पण वेळेचीच नऊ कामं असतील तर दुसरा बोर्ड, हे कबूल करा.

इथपर्यंतचं बहुतेक कुणालाही लागू पडेल. पुढचं तुमच्या परिस्थितीवर आहे. तुम्ही बोर्ड विकणार, चिप विकणार, की डिझाइनचा परवाना? बोर्ड असेल तर मशीनवाल्याला आर्किटेक्चरपेक्षा 'सात वर्षांनी हाच बोर्ड मिळेल का' हे महत्त्वाचं, आणि एफपीजीएवर असल्याने तुमच्याकडे बरं उत्तर आहे: ती एफपीजीए बंद झाली तर तेच डिझाइन दुसरीवर नेता येतं, ग्राहकाचा प्रोग्रॅम बदलत नाही. पण किती काळ पुरवठा करणार हे लेखी द्या. चिप विकायची असेल तर कंपायलर आणि डीबगर आधी, पत्रक नंतर. आठ कोर एकाच वेळी थांबवून प्रत्येकाची रजिस्टरं दाखवणारा डीबगर नसेल तर चांगला इंजिनिअर दुसऱ्या दिवशी बोर्ड परत करतो. आणि कॉलेजांसाठी करायचं असेल तर मात्र आर्किटेक्चर पुढे आणा, तिथे तेच शिकायचं असतं. तीनही एका पत्रकात कोंबू नका.

माझ्या हातून पत्रकाचा पहिला परिच्छेद असा झाला असता:

'मशीनवर नवीन काम जोडलं की जुन्या कामाची वेळ बिघडते का? या कंट्रोलरवर नाही. वेळेच्या प्रत्येक कामाला स्वतंत्र छोटा प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी आहे. सहा एन्कोडर मोजत असताना मॉडबस जोडा किंवा तोडा, मोजणी चुकत नाही. प्रोग्रॅम नेहमीच्या सीमध्ये. मोजलेल्या वेळा आणि मोजण्याची पद्धत मागच्या पानावर.'

यातलं 'सहा एन्कोडर' तुम्ही टेबलावर प्रत्यक्ष चालवून, रात्रभर ठेवून, सकाळी मोजणी जुळवून मगच छापा. जुळली नाही तर जितके जुळले तितके लिहा, चार तर चार.

नावाबद्दल शेवटी विचारलंय. नाव काहीही ठेवा, फक्त त्यात कोरांचा आकडा नको. पुढच्या आवृत्तीत बारा कराल तेव्हा जुन्या ग्राहकाला उगाच आपला बोर्ड शिळा झाल्यासारखं वाटेल. पर्सिस्टन्सवरचे स्कोपचे फोटो निघाले की पाठवा, साध्या बोर्डाचा आणि तुमचा, दोन्ही, आणि टाइम-बेस दोन्हींवर सारखाच ठेवा. त्यावरून कुठला आकडा पहिल्या पानावर घ्यायचा ते बघू.